घटक चाचणी अशी काढावी की ती शिकण्याविषयी खरे सांगेल

काही वर्षांपूर्वी सहावीच्या एका वर्गाला मी दशांश अपूर्णांक शिकवले. वर्गात साठ मुले होती, घटक वेळेत पूर्ण झाला आणि घटक चाचणीत २० पैकी १५ च्या वर सरासरी आली, त्यामुळे मी समाधानाने पुढच्या घटकाकडे वळले. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सहज म्हणून फळ्यावर ०.४५ आणि ०.६ या दोन संख्या लिहिल्या आणि यांतील मोठी कोणती असे विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक वर्गाने ठामपणे ०.४५ हे उत्तर दिले. कारण विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, "बाई, पंचेचाळीस मोठे की सहा?"

मुले सुट्टीत विसरली, असे म्हणून मी मोकळी झाले असते. पण कपाटातील जुनी प्रश्नपत्रिका काढून पाहिली, तेव्हा दोष तिच्यात सापडला. तुलनेसाठी दिलेल्या सगळ्या जोड्यांत दशांश चिन्हापुढे दोन-दोनच अंक होते: ३.४५ आणि ३.६०, ७.१२ आणि ७.०९. अशा जोड्यांमधील दशांश चिन्ह पुसून टाकले, तरी उत्तर बरोबरच येते. ज्या मुलाला दशांश स्थान म्हणजे काय हे मुळीच कळलेले नाही, त्यालाही माझ्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळू शकत होते, आणि ते मिळालेही होते. मुले काहीही विसरली नव्हती. मुळात ती शिकलीच नव्हती, आणि माझ्या चाचणीने ते मला कळू दिले नव्हते.

तेव्हापासून घटक शिकवण्याचा आणि तपासण्याचा जो क्रम मी हळूहळू बसवला, तो येथे पायरीपायरीने मांडते. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील मराठी माध्यमाच्या शाळांत, एका वर्गात पन्नास-साठ मुले आणि पस्तीस मिनिटांची तासिका एवढ्या मर्यादेत पाचवी ते आठवीला शिकवणारे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. उदाहरण सगळीकडे दशांश अपूर्णांकांचेच घेतले आहे, म्हणजे धागा तुटणार नाही.

पहिली पायरी: पुरावा आधी ठरवावा

घटक हाती घेण्यापूर्वी एका कोऱ्या पानावर एवढेच लिहावे, की हा घटक शिकलेले मूल असे काय करून दाखवेल जे न शिकलेले मूल दाखवू शकणार नाही. अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे शिकल्यावर मुलाला काय यावे याची, अधिकृत यादी आपल्याकडे असतेच, परंतु ती बरीच व्यापक असते. "दशांश अपूर्णांकांची तुलना करतो" या वाक्याखाली माझी ती फसवी चाचणीही बिनदिक्कत बसत होती. म्हणून निष्पत्तीचे तुकडे करावेत. मी या घटकासाठी चार वाक्ये लिहिते: दशांश चिन्हापुढील अंकांची संख्या वेगवेगळी असतानाही मूल लहान-मोठेपणा सांगते, ०.३ आणि ०.३० समान का आहेत हे चित्र काढून पटवते, संख्यारेषेवर १.२ आणि १.३ यांच्या दरम्यानची एक संख्या दाखवते. आणि मापनाच्या एखाद्या अनोळखी प्रसंगात दशांश अपूर्णांक स्वतःहून वापरते. चारच वाक्ये पुरतात. दहा लिहिली तर ती वहीतच राहतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: शिकवण्याआधी प्रश्न काढावेत

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि आपण सगळ्यांत जास्त टाळतो तीही हीच. प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना किती गुण याचा आराखडा, आपण बी.एड.ला शिकलो. ज्ञान, आकलन, उपयोजन हे रकाने १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या वर्गीकरणातून आपल्याकडे आले, हेही आपल्याला पाठ असते. प्रत्यक्षात मात्र आधी प्रश्नपत्रिका तयार होते आणि तिला शोभेल असा तक्ता मागाहून भरला जातो. यात कुणाला दोष देण्याचा हेतू नाही, मीही ते केले आहे.

शिकवण्याआधी प्रश्न काढताना एकच कसोटी लावावी: चुकीच्या विचाराने या प्रश्नाचे बरोबर उत्तर येऊ शकते का? येत असेल, तर प्रश्न बदलावा. यासाठी मुलांचे चुकीचे विचार कोणते असतात हे माहीत असावे लागते. दशांश अपूर्णांकांच्या बाबतीत ते ठरावीक आहेत.

काही मुलांना जास्त अंकांची संख्या मोठी वाटते. ही मुले ०.४५ ला ०.६ पेक्षा आणि ४.१२ ला ४.७ पेक्षा मोठी म्हणतात. आपण ०.४५ चे वाचन "शून्य पूर्णांक पंचेचाळीस" असे करून हा समज पक्का करतो. "शून्य दशांश चिन्ह चार पाच" असे वाचले, तर निदान पंचेचाळीस हा शब्द कानावर पडत नाही. काही मुलांचा समज नेमका उलटा असतो. शतांश हा दशांशापेक्षा लहान, म्हणून शतांशांपर्यंत लिहिलेली संख्या लहानच असणार, असे ती धरतात आणि ०.४ ला ०.८३ पेक्षा मोठी ठरवतात. तिसरा गट पैशांच्या हिशेबावर वाढलेला असतो. त्याच्या दृष्टीने रुपयानंतर पैशांचे दोनच अंक खरे, त्यामुळे ३.४५ आणि ३.४५७ त्याला सारख्याच वाटतात. चौथा समज मैदानातून येतो. ४.५ षटकांनंतर एक चेंडू पडला की पाच षटके पूर्ण होतात, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तेथील टिंब हे दशांश चिन्ह नव्हे, ही गोष्ट मात्र त्याला कुणी सांगितलेली नसते.

आता गंमत पाहा. ०.४५ आणि ०.६ ही जोडी पहिल्या गटाला पकडते, परंतु दुसऱ्या गटातील मूल "०.६ मोठी" असे बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने देऊन सुटते. ०.४ आणि ०.८३ ही जोडी दुसऱ्या गटाला पकडते आणि पहिल्याला सोडते. दोन्ही जोड्या एकत्र दिल्या तरच दोन्ही गट दिसतात, आणि ३.४५ व ३.४५७ ही जोडी जोडली की तिसराही दिसतो. तीन ओळींचा हा प्रश्न माझ्या जुन्या वीस गुणांच्या चाचणीपेक्षा अधिक सांगतो. बहुपर्यायी प्रश्नांनाही हेच लागू पडते. चुकीचा प्रत्येक पर्याय एखाद्या खऱ्या गैरसमजातून आलेला असावा; केवळ जागा भरण्यासाठी घातलेल्या पर्यायावर खूण झाली, तरी आपल्याला काहीच कळत नाही.

गैरसमजांची ही यादी मिळवायची कुठून? जुन्या उत्तरपत्रिका हा पहिला स्रोत आहे. त्यांतील बरोबर उत्तरे बाजूला ठेवून फक्त चुकलेली उत्तरे एका वहीत उतरवावीत. एकच चुकीचे उत्तर पाच मुलांनी दिले असेल, तर त्यामागे नियम आहे असे समजावे. दुसरा स्रोत म्हणजे शेजारच्या वर्गातील शिक्षक. विज्ञान आणि गणितातील मुलांच्या पर्यायी कल्पनांवर, म्हणजे अशाच गैरसमजांवर, वाशीचा खाडीपूल ओलांडल्यावर लागणाऱ्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही संशोधन झाले आहे.

तिसरी पायरी: पाच मिनिटांची पूर्वचाचणी

घटक सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तीन-चार प्रश्न गुणांशिवाय द्यावेत आणि कागद गोळा करावेत. नौपाड्यापासून कोपरखैरण्यापर्यंत गल्लोगल्ली शिकवण्या आहेत, त्यामुळे बऱ्याच मुलांचा घटक शाळेआधी तेथे "झालेला" असतो. अशी मुले दशांश अपूर्णांकांची बेरीज चिन्हाखाली चिन्ह मांडून बिनचूक करतात, आणि ०.३ मोठी की ०.३० या प्रश्नाला अडखळतात. पूर्वचाचणीमुळे शिक्षकाचे दोन दिवस वाचतात, कारण जी रीत मुलांना येते तीच पुन्हा शिकवावी लागत नाही.

चौथी पायरी: तासिकेत सगळ्यांचे उत्तर घ्यावे

"समजले का?" या प्रश्नाला मिळणारे "हो बाई!" हे सामूहिक उत्तर शिकण्याचा पुरावा म्हणून शून्य किमतीचे आहे. हात वर करणाऱ्या त्याच पाच मुलांचे उत्तर त्याहून फारसे बरे नाही, कारण शिक्षकाला वाटते वर्ग पुढे चालला आहे आणि प्रत्यक्षात दोन बाके चाललेली असतात. उपाय साधा आहे. तासिकेच्या मध्यावर चार पर्यायांचा एक प्रश्न फळ्यावर लिहावा, मिनिटभर शांतता ठेवावी आणि खुणेसरशी प्रत्येकाने उत्तराच्या क्रमांकाइतकी बोटे छातीशी धरून दाखवावीत. छातीशी अशासाठी, की हात वर केला तर मागचा पाहून ठरवतो. पाट्या असतील तर उत्तमच.

यानंतर काय करायचे, हे उत्तरांच्या प्रमाणावर ठरवावे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तर शिक्षक उत्तर सांगत नाही; शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्या असे सांगतो आणि दोन-तीन मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारतो. त्याहून कमी उत्तरे बरोबर असतील तर मुद्दा वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवतो, जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जातो. साठ मुलांच्या वर्गात या चर्चेचा गोंगाट होतो, आणि शेजारच्या वर्गावरील शिक्षकांना त्याची आधी कल्पना दिलेली बरी. परंतु एका मुलाने दुसऱ्याला "अरे, ०.६ म्हणजे ०.६० ना, मग साठ शतांश झाले की" असे सांगितलेले जितके लागते, तितके माझे सांगणे लागत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे.

पाचवी पायरी: आठवायला लावावे, आणि अंतराने लावावे

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवले, की पाठ केलेल्या गोष्टींची विस्मृती सुरुवातीला वेगाने होते आणि नंतर तिचा वेग मंदावतो. घटक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेली चाचणी ही घसरण पूर्ण होण्याआधीच उरकलेली असते, म्हणून तिचे गुण फुगलेले दिसतात.

दुसरी गोष्ट याहून उपयोगाची आहे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटाला सुमारे ८३ टक्के आणि दुसऱ्याला ७१ टक्के मजकूर आठवत होता. आठवड्यानंतर मात्र पहिला गट ४० टक्क्यांवर आला आणि दुसरा ६१ टक्क्यांवर राहिला. चाचणीने केवळ शिकणे मोजले जात नाही, आठवण्याच्या श्रमातून ते पक्केही होते, असा याचा अर्थ आहे. शिवाय वारंवार वाचणाऱ्याला आपल्याला सगळे येते असे वाटत राहते, ही फसवणूक वेगळीच. "वाचून झाले का?" असे घरी विचारणाऱ्या पालकांनाही मी सभेत हेच आकडे सांगते.

वर्गात हे बसवायला फारसे काही लागत नाही. प्रत्येक तासिकेची पहिली सहा मिनिटे चार प्रश्नांसाठी राखावीत: एक कालच्या पाठावर, एक मागच्या आठवड्यावर, एक मागच्या महिन्यावर आणि एक मागच्या इयत्तेवर. मुलांनी वहीच्या शेवटच्या पानावर उत्तरे लिहावीत आणि स्वतःच तपासावीत. गुण नोंदवू नयेत. गुण आले की नक्कल येते, आणि मग आठवण्याचा श्रम राहत नाही.

सहावी पायरी: उत्तरपत्रिका परत करताना

रूथ बटलर यांनी इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामातील सुधारणा आणि विषयातील रस फक्त शेरा मिळालेल्या मुलांत टिकून राहिला. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा लाभ झाला नाही. आपल्या वर्गात याचा पडताळा सहज येतो. पेपर हातात पडताच मूल आधी आपला, मग शेजाऱ्याचा आकडा पाहते आणि पेपर दप्तरात जातो.

म्हणून मी पेपर दोनदा परत करते. पहिल्या दिवशी गुण नसतात. चुकलेल्या प्रश्नासमोर फक्त एक वाक्य असते, आणि त्या वाक्याने मुलाला काहीतरी करायला लावलेले असते. "लक्ष द्यावे" या शेऱ्याने काही होत नाही, "०.८३ आणि ०.४ शंभर चौकटींच्या कागदावर रंगवून पुन्हा उत्तर लिही" या शेऱ्याने होते. दुरुस्ती झाल्यावर दोन दिवसांनी गुण सांगते. साठ पेपरांवर अशी वाक्ये लिहिणे अशक्य वाटते, पण गैरसमज चारच असल्यामुळे वाक्येही चारच असतात. ती फळ्यावर क्रमांकाने लिहून पेपरवर नुसता क्रमांक टाकला तरी चालते. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिल्या दिवशीच "किती मिळाले?" सुरू होते, त्याची तयारी ठेवावी आणि वर्षाच्या पहिल्याच सभेत ही पद्धत समजावून सांगावी.

सातवी पायरी: प्रश्नांचीही तपासणी करावी

सत्र परीक्षेनंतर एक संध्याकाळ प्रश्न तपासण्यासाठी द्यावी. ट्रुमन केली यांनी १९३९ साली सुचवलेली रीत अजूनही वापरली जाते: एकूण गुणांनुसार वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के मुले वेगळी काढायची. साठच्या वर्गात हे दोन्ही गट सोळा-सोळांचे होतात. समजा, तिसरा प्रश्न वरच्या सोळांपैकी १४ आणि खालच्या सोळांपैकी ४ मुलांनी बरोबर सोडवला. बत्तिसांपैकी अठरा, म्हणजे सुमारे ५६ टक्के, हे त्याचे काठिण्यमूल्य. आणि दोन गटांतील दहाचा फरक भागिले सोळा, म्हणजे सुमारे ०.६३, हा त्याचा भेदन निर्देशांक, म्हणजे येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांना प्रश्न किती वेगळे काढतो याचे माप. प्रश्न चांगला आहे. समजा, सातवा प्रश्न वरच्या गटातील ५ आणि खालच्या गटातील ७ मुलांनी बरोबर सोडवला, तर निर्देशांक उणे येतो आणि दोष बहुधा प्रश्नाच्या भाषेत किंवा उत्तरसूचीत असतो.

येथे एक सावधगिरी हवी. भेदन निर्देशांक जास्त असणे हे शिष्यवृत्तीसारख्या निवड परीक्षेचे उद्दिष्ट आहे, कारण तेथे मुलांना वेगळे काढायचे असते. घटक चाचणीत साठच्या साठ मुलांनी प्रश्न बरोबर सोडवला तर निर्देशांक शून्य येतो आणि तरीही तो आनंदाचा दिवस असतो, अर्थात तो प्रश्न दुसऱ्या पायरीवरच्या कसोटीला उतरलेला असेल तर.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात फार मोठा आहे. ऐरोली, घणसोली, दिघा, तुर्भे येथील वर्गांत घरी आगरी बोलणारी, हिंदी किंवा कन्नड बोलणारी मुले शेजारी-शेजारी बसतात. "उर्वरित रकमेची प्रत्येकी समान वाटणी केली" या वाक्यातील "उर्वरित" आणि "प्रत्येकी" यांवर अडकलेले मूल गणितात कच्चे ठरते. शंका आली की तोच प्रश्न मुलाला तोंडी, साध्या शब्दांत विचारावा: "उरलेले पैसे चौघांत सारखे वाटले, तर एकाला किती?" आता उत्तर आले, तर उपचारात्मक अध्यापन भागाकाराचे न करता वाचनाचे करावे लागेल. गणिताच्या पेपरने भाषाच तपासली, हा चाचणीच्या सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचे तेच मोजण्याच्या गुणाचा, दोष आहे, मुलाचा नव्हे.

आठवी पायरी: सरकारी चाचण्यांचा वापर

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यातील कलम २९ नुसार सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. राज्याचा त्याविषयीचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा आहे. आकारिक (शिकताना चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाची नोंदपत्रके तेव्हापासून आपण भरतो, आणि २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्याही आल्या. तयार प्रश्नपत्रिका हातात येते, ती तपासून गुण ऑनलाइन भरले की काम संपले, असा समज होतो. माहिती पाठवण्यापूर्वी प्रश्ननिहाय चुकांची एक प्रत स्वतःसाठी ठेवली, तर तीच आपली तयार नैदानिक, म्हणजे नेमकी अडचण शोधणारी, चाचणी होते. यापेक्षा अधिक अपेक्षा त्या चाचणीकडून मी करत नाही.

नववी पायरी: उशिराने आणि अनोळखी जागी तपासावे

घटक संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता, पाठ्यपुस्तकात नसलेल्या प्रसंगातील एक प्रश्न द्यावा. माझा एक आवडता प्रश्न असा आहे: १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली. हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. समजा, एका गाडीने ते ५७ मिनिटांत कापले, तर तिचा ताशी वेग किती? ज्यांना दशांश म्हणजे दहा समान भाग हे कळलेले नाही, ती मुले ५७ मिनिटांचे ०.५७ तास करतात आणि ताशी साठाच्या जवळपास वेग काढतात. ज्यांना कळले आहे ती ५७ ला ६० ने भागून ०.९५ तास काढतात आणि उत्तर ताशी ३६ च्या आत येते. भागाकार न करणारी पण "तासाला तीन मिनिटे कमी आहेत, म्हणजे वेग ३४ पेक्षा थोडा जास्त असणार" असे लिहिणारी एखादी मुलगी निघते. तिला मी पूर्ण गुण देते आणि तिचे उत्तर फळ्यावर उतरवते.

या चाचणीत वर्ग नेहमी घटक चाचणीपेक्षा खाली येतो. पहिल्यांदा हे पाहून धक्का बसतो, परंतु मुख्याध्यापकांना आणि पालकांना दाखवण्याजोगा आकडा खरे तर हाच आहे. मात्र तो दाखवण्याआधी मागील वर्षाचा आकडा हाताशी ठेवावा, नाहीतर तुलना घटक चाचणीशी होते.

दहावी पायरी: जूनमध्ये पुढच्या शिक्षकाला द्यायचे पान

वर्ग वरच्या इयत्तेत जातो तेव्हा गुणपत्रक जाते, पण ३५ गुण मिळालेल्या मुलाला नेमके कोणते ३५ गुणांचे येते हे त्यावरून कुणालाही कळत नाही. म्हणून वर्षाअखेरीस प्रत्येक विषयाचे एकच पान करावे. डाव्या बाजूला घटक, त्यापुढे अजूनही टिकून असलेला गैरसमज, त्यापुढे तो ओळखण्याचा प्रश्न आणि शेवटी मुलांचे हजेरी क्रमांक. माझ्या मागच्या पानावर दशांश अपूर्णांकांसमोर ०.४ आणि ०.८३ ही जोडी होती आणि तिच्यापुढे सात क्रमांक होते. सातवीच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात त्या सात मुलांना तो प्रश्न पुन्हा विचारला. त्यांतील तिघांना तो आता येत होता, आणि क्रमांक यादीत नसलेली दोन मुले नव्याने अडखळली. सरांनी ते पान दुरुस्त करून स्वतःच्या वहीत चिकटवले.